मालकाला पाहुण्याचा पास

साहेबांचा फोन आला तेव्हा मी सकाळचं टपाल फोडत होते. ते म्हणाले, "मशीनमधनं अण्णांचा चेहरा काढून टाका. आजच." मी "हो साहेब" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ हातातलं पाकीट तसंच धरून बसले.

अण्णा म्हणजे साहेबांचे थोरले भाऊ. सांगलीच्या औद्योगिक वसाहतीतली, ठिबकच्या नळ्या बनवणारी आमची कंपनी या दोघांनी मिळून उभी केली. साहेब इंजिनियर, ते कारखाना बघायचे. अण्णा शाळेत रमले नाहीत. त्यांनी मोटरसायकलला नळ्यांची भेंडोळी बांधून आटपाडीपासून फलटणपर्यंत गावं पालथी घातली आणि एकेक दुकानदार जोडला. मला नोकरीवर घेतलं तेही अण्णांनीच. लग्न होऊन मी शिराळ्याकडून सांगलीत नवीन आले होते. मुलाखतीत त्यांनी एकच विचारलं, "पोरी, दारात आलेल्या माणसाला पाणी विचारशील का?" मी विचारीन म्हणाले आणि रिसेप्शनच्या टेबलामागे बसले, ती आजतागायत. आता माझी मुलगी कॉलेजात जाते.

दारात मशीन बसलं त्याला कारण घडलं होतं. एका हंगामात आमचे नवे दर दुकानदारांना कळायच्या आधीच दुसऱ्या एका कंपनीला कळले. त्यांनी आपले दर आमच्याहून थोडेसेच खाली आणले. अगदी नेमके. आतलं कुणीतरी बाहेर नेत होतं. कोण, ते सापडलं नाही. पण त्या दिवसापासून आमच्या तीन मजली इमारतीतली हवाच बदलली. साहेबांनी पुण्याहून एक मॅनेजर आणला. त्यानं आल्या आल्या मुख्य दाराच्या आत कमरेएवढा फिरता अडसर बसवला, त्याच्याशेजारी चेहरा ओळखणारं मशीन लावलं, जिन्यात कॅमेरे लावले. एक कॅमेरा थेट माझ्या टेबलावर रोखलेला होता. मशीननं चेहरा ओळखला की हिरवा दिवा लागायचा आणि अडसर फिरायचा. नाही ओळखला तर लाल. बाहेरच्या माणसानं माझ्याकडे यायचं, कुणाला भेटायचंय ते सांगायचं, मी वर फोन करायचा, वरून होकार आला तरच गळ्यात अडकवायचा पास द्यायचा.

सगळ्यांचे चेहरे मीच मशीनमध्ये भरले होते. अण्णांचाही. तेव्हा ते मशीनसमोर टोपी सारखी करून उभे राहिले होते, जणू लग्नातला फोटो काढायचाय.

मधल्या काळात भावांत काय बिनसलं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. पण कळायचं ते कळतच होतं. दोघं एकत्र जेवायला बसायचे, ते बंद झालं. मग अण्णा आठ-दहा दिवस आलेच नाहीत. त्यांच्या केबिनला कुलूप लागलं. आणि मग तो फोन आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आले. नेहमीसारखे मशीनसमोर उभे राहिले. लाल दिवा लागला. त्यांनी टोपी काढली, पुन्हा उभे राहिले. पुन्हा लाल. अडसराजवळ आमचे सिक्युरिटीचे हवालदार उभे होते. ते फलटणकडचे, सैन्यातून निवृत्त झालेले. आम्ही सगळे त्यांना हवालदारच म्हणायचो. ते समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. अण्णांनी माझ्याकडे बघितलं.

"पोरी, हे मला वळखंना झालंय की."

"मशीन बिघडलंय अण्णा," मी म्हणाले. तेवढ्यात मागून पॅकिंगमधली एक मुलगी आली, तिनं चेहरा दाखवला, हिरवा दिवा लागला आणि ती अण्णांना नमस्कार करून आत निघून गेली.

अण्णा अडसरावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. मग माझ्या टेबलापाशी आले आणि हळूच म्हणाले, "मग आता असं कर. मला पाव्हण्याचा पास दे. कुणाला भेटायचंय म्हणून विचार."

"कुणाला भेटायचंय अण्णा?"

"माज्या भावाला."

मी वर फोन लावला. फोन मॅनेजरनं घेतला. "साहेब मीटिंगमध्ये आहेत, सांगा." मी तसं सांगितलं. अण्णा म्हणाले, "बरं. बसतो." आणि पाहुण्यांच्या सोफ्यावर जाऊन बसले. दुपारपर्यंत बसले, माझ्याकडून दोनदा पाणी घेतलं आणि घरी गेले.

हे मग रोजचंच झालं. सकाळी यायचे, पास मागायचे, वरून 'मीटिंग' असं उत्तर यायचं, आणि ते पेपर उघडून सोफ्यावर बसायचे. अडसराच्या बाहेर कुणीही बसू शकतं, तसा नियमच होता, त्यामुळे त्यांना उठा म्हणायला कुणाची छाती झाली नाही.

आधी मला त्यांची फक्त कणव यायची. मग एक दिवस आटपाडीचे एक दुकानदार आले. डाळिंबाच्या पट्ट्यातलं मोठं गिऱ्हाईक. आत जायच्या आधी ते अण्णांच्या पाया पडले, शेजारी टेकले. अण्णा त्यांच्या कानाशी लागून काहीतरी बोलले. दुकानदारानं मान हलवली, मोबाईल काढला आणि अण्णांनी सांगितलेलं काहीतरी त्यात टिपून घेतलं. पुढच्या आठवड्यात विट्याचे आले, मग कराडचे. प्रत्येकाशी तसंच. मी पाणी घेऊन गेले की बोलणं थांबायचं, आणि अण्णा मोठ्यानं विचारायचे, "मग, ऊस कसा हाय औंदा?"

तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं, की हा माणूस भावासाठी इथं बसतोय का गिऱ्हाइकांसाठी? दुकानदारांना गाठायला यापेक्षा चांगली जागा कुठली? प्रत्येकाला याच दारातून जावं लागतं. आणि तेव्हा आपले दर फुटले होते, ते... इथपर्यंत आलं की मी विचार तोडायची. पण तोडलेला विचार दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथूनच सुरू व्हायचा.

मॅनेजरलाही तेच दिसत होतं. तो कॅमेऱ्यातून बघायचा. एकदा त्यानं मला वर बोलावून घेतलं.

"मॅडम, तुम्हाला अण्णांनी नोकरी दिली ना?"

"हो."

"हवालदारांनाही?"

"हो."

त्यानं उठून दार लावलं. मग म्हणाला, "अण्णांच्या बंद केबिनमध्ये कुणीतरी जातंय. परवा खिडकी उघडी होती. काल टेबलासमोरची खुर्ची फिरवलेली होती. काही चोरीला गेलेलं नाही, पण कागद शोधत असणार. किल्ल्या दोनच आहेत, एक तुमच्या ड्रॉवरमध्ये, एक हवालदारांच्या जुडग्यात. मी कुणावर आरोप करत नाही. फक्त तुम्ही हवालदारांवर जरा लक्ष ठेवा."

मी खाली आले, ड्रॉवर उघडून किल्ली बघितली. जागेवर होती. तेवढ्यानंही बरं वाटेना. ही किल्ली मी रात्री घरी न्यायची नाही, ड्रॉवरला कुलूप घालायची, पण त्या कुलपाची किल्ली टेबलावरच्या पेल्यात असायची, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. त्या दिवसापासून मी पेला रिकामा केला आणि किल्ली मंगळसूत्रात अडकवली.

एका संशयानं माणसाला किती कामं लागतात! डबा खायला मी सगळ्यांबरोबर वर जायची, ते बंद केलं. टेबलावरच खायला लागले, म्हणजे दारही दिसेल आणि हवालदारही. चहाच्या मावशी कप ठेवताना विचारायच्या, "ताई, कायतरी झालंय व्हय?" मी नाही म्हणायची. त्या नको इतका वेळ उभ्या राहिल्या तर मला त्यांचाही संशय यायचा. हवालदार तर माझ्या नजरेत सारखेच होते. ते जिन्यानं वर गेले की मी घड्याळ बघायची. ते खाली आले की त्यांचे हात बघायची.

आणि एक विचित्र गोष्ट माझ्या लक्षात आली. मी हवालदारांकडे बघायची तेव्हा बऱ्याचदा ते आधीपासून माझ्याकडे बघत असायचे.

नागपंचमीला मी शिराळ्याला माहेरी गेले. जाताना केबिनची किल्ली सगळ्यांसमोर मॅनेजरच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी परत आले तर मॅनेजर दारातच भेटला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काल पुन्हा खुर्ची हलली. तुम्ही नव्हता, तुमची किल्ली माझ्या खिशात होती. म्हणजे आता समजा काय ते."

समजण्यासारखं एकच होतं. मला सुटल्यासारखंही वाटलं आणि वाईटही. हवालदार भला माणूस होता. पावसात माझी मुलगी ऑफिसात आली की तिला स्टॉपपर्यंत छत्रीतून पोचवायचे. पण त्याच आठवड्यात मी त्यांना समोरच्या चहाच्या टपरीवर अण्णांबरोबर बघितलं. दोघं एका बाकावर, माझ्याकडे पाठ करून. अण्णा बोलत होते, हवालदार नुसते ऐकत होते. मी हे मॅनेजरला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. बहुतेक असं वाटलं, की आपण स्वतः डोळ्यांनी बघितल्याशिवाय या माणसाची भाकरी काढायची नाही.

तसा दिवस लवकरच आला. मॅनेजर पुण्याला गेला होता. दुपारी जेवणं झाल्यावर वीज गेली. मशीन एरवी बॅटरीवर चालायचं, पण त्या दिवशी बॅटरीही बसली आणि अडसर सैल पडला. ढकलला की फिरायचा. अशा वेळी मुख्य दार आतून लावून हवालदारांनी तिथंच थांबायचं, असा नियम होता. हवालदारांनी दार लावलं. अडसराबाहेरच्या सोफ्यावर अण्णा त्या दिवशी नव्हते. सकाळीच निघून गेले होते. हवालदारांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग, मी खाली मान घालून काहीतरी लिहितेय असं बघून, ते जिन्यानं वर गेले.

मी चपला टेबलाखाली काढल्या आणि त्यांच्या मागे गेले.

जिन्यात अंधार होता. दुसऱ्या मजल्यावर अण्णांची केबिन टोकाला, साहेबांच्या केबिनच्या शेजारी. बोळात पाऊल टाकलं तर हवालदार त्या दाराबाहेर उभे होते. दाराला फट होती. मला वाटलं, सापडले. मी म्हणाले, "हवालदार, हे काय?"

ते दचकून वळले. "ताई, तुमी?" मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही. त्यांनाही मीच सापडले होते. "मला वाटलं तुमीच कुनाला तरी आत सोडलंय. अंधारात वर कोन जातंय का बघाय आलो, तर दार उघडं."

"मी तुमच्या मागून आले."

"मग आत कोन हाय?"

आतून कुणीतरी खोकलं. आम्ही दोघांनी फटीतून बघितलं. खिडकी उघडी होती. टेबलापलीकडे अण्णांची मोठी खुर्ची रिकामी होती. टेबलाच्या अलीकडे, भेटायला येणाऱ्यांसाठी ठेवलेल्या साध्या खुर्चीवर साहेब बसले होते. बूट काढून बाजूला ठेवलेले, हात मांडीवर. समोर कागद नव्हते, मोबाईल नव्हता. ते नुसते त्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून बसले होते.

फरशीवर हवालदारांचा बूट वाजला असावा. साहेबांनी मागे न वळता विचारलं, "कोण आहे?"

"मी साहेब. रिसेप्शनवरची."

त्यांनी पायानं बूट जवळ ओढले. मग म्हणाले, "दार लावून घ्या."

मी दार ओढून घेतलं. आम्ही दोघं जिन्याच्या मधल्या वळणावर येऊन थांबलो. मुळात साहेबांकडेही एक किल्ली असणार, त्यांचीच इमारत, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ज्याला कुणी अडवायचं नसतं त्याची किल्ली कोण मोजतं?

हवालदार कठड्याला टेकले. "ताई, एक विचारू? मॅनेजरनं तुमाला माज्यावर ध्यान ठेवाय सांगितलं हुतं न्हवं?"

मी मान हलवली.

"मला तुमच्यावर ठेवाय सांगितलं हुतं." ते हसले नाहीत. "तुमी पेल्यातली किल्ली काढली, तवा मला वाटलं, आता ह्या बाईचं खरं न्हाई."

"आणि तुम्ही अण्णांबरोबर टपरीवर..."

"व्हय. त्यांनी बोलावलं. म्हनाले, धाकट्याची तब्येत बरी हाय का, जेवतो का येळंवर. दुसरं काय बोलले न्हाईत." मग थांबून म्हणाले, "मला तरी न्हाई बोलले."

पुण्याहून आल्यावर मॅनेजरनं पुन्हा विचारलं, काही कळलं का. मी म्हणाले, "केबिनचं साहेबांनाच विचारा." त्यानं विचारलं का नाही, माहीत नाही. पण त्यानंतर तो विषय त्यानं माझ्याकडे काढला नाही.

पुढच्या सोमवारी अण्णा आले, पास मागितला. मी फोन उचलला आणि परत ठेवला. अण्णांना म्हणाले, "जरा बसा." हवालदारांना टेबलाकडे बघायला सांगितलं आणि स्वतः वर गेले. साहेबांच्या दारावर टकटक करून आत शिरले. इतक्या वर्षांत न बोलावता मी त्या खोलीत कधी गेले नव्हते.

"साहेब, अण्णा खाली बसलेत. पास देऊ?"

त्यांनी लॅपटॉपवरून मान वर केली. "रोज येतात?"

"रोज."

"मला सांगितलं होतं, ते दुकानदारांना भेटायला येतात म्हणून."

"दुकानदारांनाही भेटतात," मी म्हणाले. खोटं कशाला बोलायचं? "पण पास तुमच्याच नावानं मागतात. पहिल्या दिवसापासून."

साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. खाली कारखान्यात नळ्या भरलेला ट्रक मागे मागे येत होता, त्याचा आवाज येत होता. तो थांबल्यावर ते म्हणाले, "पाठवा वर."

मी पास केला. नाव, आणि 'कुणाला भेटायचंय' याच्यापुढे साहेबांचं नाव. अण्णांनी तो हातात घेऊन वाचला, गळ्यात घातला, टोपीत अडकलेली दोरी सोडवली. हवालदारांनी अडसर उघडला आणि सवयीनं सलाम ठोकला. अण्णा जिना चढून गेले. लिफ्ट होती, पण ते जिन्यानंच गेले.

ते वर असेपर्यंत खाली कुणाचंच कामात लक्ष नव्हतं. मावशी दोन चहा घेऊन गेल्या आणि आल्यावर आम्ही सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "दोगं गप बसल्यात. चा ठेवला आन् आलो." मोठा आवाज ऐकू आला नाही. दार आपटलं नाही.

अण्णा उतरले तेव्हा त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता. त्यांनी पास काढून माझ्या हातात दिला. "जमा करून घे पोरी. न्हाईतर तुला बोलनी बसतील." मग म्हणाले, "पाणी दे." उभ्या उभ्या पाणी प्याले आणि गेले. त्यानंतर ते आमच्या ऑफिसात आले नाहीत.

दिवाळीच्या आधी मिरज रस्त्याला त्यांच्या नव्या कंपनीचा बोर्ड लागला. ठिबकच्याच नळ्या. आटपाडीचे, विट्याचे, कराडचे दुकानदार तिकडे गेले, आणखीही बरेच. मॅनेजर माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "बघा. सोफ्यावर बसून काय चाललं होतं ते कळलं ना आता?" मला कळलं होतंही आणि नव्हतंही. ते दुकानदार अण्णांनीच जोडलेले होते, त्यांना गाठायला सोफा लागत नव्हता. घरून एक फोन केला असता तरी ते गेले असते. मग उन्हापावसात रोज येऊन बसायचं कशाला? पण त्या कानगोष्टीही मी माझ्या डोळ्यांनी बघितल्या होत्या. तेव्हाचे दर कुणी फोडले ते तर आजपर्यंत कळलेलं नाही. हवालदारांनी उन्हाळ्यात नोकरी सोडली, गावी जाऊन शेती बघतात. अण्णांकडे गेले असं ऑफिसात म्हणतात. मी फोन केला तेव्हा मागे बैल डुरकल्याचा आवाज आला, तरी मी विचारलंच, "खरंच शेतातनं बोलताय का?" ते म्हणाले, "ताई, तुमी अजून तितंच हाय म्हना की."

यंदा साहेबांच्या मुलीचं लग्न साताऱ्यात झालं, मुलाकडच्यांच्या सोयीनं. सगळ्या ऑफिसला आमंत्रण होतं. आम्ही बसनं गेलो. मंगल कार्यालयाच्या दारात कोण उभं असेल याची बसमध्ये बरीच चर्चा झाली होती. उतरून बघते तर दारात अण्णा. फेटा बांधलेला, हात जोडलेले, मुलीचे थोरले चुलते म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला 'या, या' करत होते. त्यांच्या मागे दोन पावलांवर साहेब उभे होते. अण्णा कुणाला आत पाठवताना मागे बघायचे आणि साहेब पुढे होऊन त्या पाहुण्याचा हात धरायचे. दोघं एकमेकांशी बोलताना मात्र मला दिसले नाहीत.

मला बघून अण्णा म्हणाले, "आलीस? पोरगी कुठाय?" मी मुलीला पुढे केलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

तेवढ्यात आमच्या मागून फलटणचे एक दुकानदार आले. हे अजून आमच्याकडे होते. अण्णांनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि त्यांच्या कानाशी वाकले. मॅनेजर माझ्या शेजारीच होता. तो पुटपुटला, "आता याला काय सांगतायत?"

मला त्याचा राग आला. पण पाय उचलला नाही, तिथंच उभी राहिले आणि मीही कान दिला. "जेवल्याबिगर जायाचं न्हाई," एवढं स्पष्ट ऐकू आलं. त्याच्यापुढेही अण्णा काहीतरी बोलले, पण नवरदेवाची मिरवणूक दारात आली होती, ताशे सुरू झाले आणि ते ऐकायचं राहिलं.